ऑटोनगरातला मुक्काम

बेळगावच्या माणसाला गोव्याचा रस्ता सांगावा लागत नाही. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी ही नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाची सून तिकडून आणलेली. आणि रोज रात्री आमच्या मार्केट यार्डातून कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर भरून गाड्या घाट उतरतात, त्या पहाटे गोव्यातल्या बाजारात जाऊन उभ्या राहतात. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, अशीच एक सहाचाकी गाडी आहे. गेल्या चवथीला त्याच्या गाडीतून साखळीला लेकीकडे जायचं ठरलं. प्रवास तीन तासांचा. पण त्यातला सगळ्यात मोठा मुक्काम मी केला तो ऑटोनगरात, म्हणजे बेळगाव सोडायच्या आधीच. आणि तोही एका बोटभर रिंगेपायी.

चवथीला तीन दिवस होते. लेकीचा लग्नानंतरचा पहिला गणपती. पत्र्याच्या डब्यात मांडे, कुंद्याचा पुडा, जावयाच्या आईला आवडतो म्हणून घरचा बासमती तांदूळ, शिवाय तिच्या राहिलेल्या साड्या. एवढं सामान घेऊन एसटीत चढणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. दादा म्हणाला, ‘‘साखळीवरूनच जातोय की गं. केबिनमध्ये बस. पहाटे दारात सोडतो.’’ माझा भाचा, त्याचा मुलगा, आयटीआय करून आता त्याच्याबरोबरच गाडीवर असतो. गाडी रात्री आठला भरायची होती. ‘‘थोडं पुढच्या चाकाचं काम आहे, तासाभराचं. तू सामान घेऊन ऑटोनगरलाच ये, तिथनंच यार्डात जाऊ,’’ असा दादाचा फोन आला, म्हणून मी दुपारी दोनला कणबर्गी रोडने रिक्षा करून गेले.

इतकी वर्षं बेळगावात राहून मी ऑटोनगरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याला तिथे काय काम? पण त्या दिवशी जे पाहिलं त्यावरून वाटलं, गावाचं हेही एक अंगण आहे. एका ओळीत कमानपाटे ठोकणारे. त्यांच्या भट्टीतून लाल झालेला पाटा बाहेर आला की अंगावर ऊब येते. पुढे रेडिएटरवाले, मग लेथ, मग टायरला नवी रबर चढवणारे, मग लाकडी बॉडी बांधणारे सुतार, सीट शिवणारे, आणि सगळ्यांच्या शेवटी मडगार्डावर कमळं नि मोर काढणारा पेंटर. पाट्या कानडीत, मराठीत, इंग्रजीत. आणि बोलणं? आकडे कानडीत, घासाघीस मराठीत, शिव्या हिंदीत, आणि सुट्या भागांची नावं कुणाच्याच भाषेत नाहीत. स्टब ॲक्सल, टायराड, हब, बुश, ग्रीस निपल. लेथवरचा कानडी कारागीर आणि सीट शिवणारा दखनी बोलणारा, दोघांनाही ही नावं सारखीच आपली.

दादाची गाडी एका पत्र्याच्या शेडपुढे उभी होती, डावं पुढचं चाक काढलेलं. चाक नसलेली गाडी फार केविलवाणी दिसते. तिच्याजवळ उकिडवे बसलेले मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे, बैलहोंगल भागातले. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, एका भुवईत आडवा जुना व्रण. आमच्याकडे सगळे त्यांना मामा म्हणतात.

‘‘या अक्का. कूडरी,’’ म्हणत त्यांनी एक जुनी ट्रकची सीट पुढे सरकवली. मी बसले.

काय झालं होतं ते भाच्याने सांगितलं. गेले काही दिवस स्टिअरिंग थरथरत होतं. डाव्या पुढच्या टायरची एकच कड झिजलेली. सकाळी मामांनी जॅक लावून चाक उचललं आणि वरून-खालून धरून हलवलं. खट्‌खट्. मग भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, नाही थांबली तर किंगपिनचा. ती थांबली नाही.

आता ही किंगपिन म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं ते सांगते, कारण आपण सगळेच घाटातून अशा गाड्यांच्या पुढे-मागे प्रवास करतो. ट्रकच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवी जाड लोखंडी तुळई असते. तोच ॲक्सल. तिच्या दोन्ही टोकांना आरपार भोक. त्या भोकातून मनगटाएवढी नाही पण अंगठ्याहून बरीच जाड अशी उभी पिन जाते. तिच्याभोवती चाकाचा भाग दाराच्या बिजागरीसारखा डावीउजवीकडे वळतो. बिजागरी झिजली की दार खाली लोंबतं, तसं पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजले की चाक डुगडुगतं. सपाट रस्त्यावर ते नुसतं थरथरतं. भरलेली गाडी घाटात वळणावर वळताना त्याच पिनेवर सगळा जीव असतो.

पिन बाहेर काढायची तर तिच्या वरच्या तोंडावरचं झाकण काढावं लागतं. काही गाड्यांना हे झाकण बोल्टांनी धरलेलं असतं. या गाडीला ते एका रिंगेने धरलेलं होतं. मिस्त्री लोक तिला नुसतं ‘लॉक’ म्हणतात, दुकानात मागितली तर ‘सर्क्लिप’. स्प्रिंगच्या पोलादाची, एका बाजूला उघडी, आमच्या जोडव्यासारखी. दोन्ही टोकांना दोन बारीक कान आणि कानांत भोकं. अगदी कान टोचल्यासारखी. त्या भोकांत खास चिमट्याची टोकं घालून दाबलं की रिंग आकसते आणि खाचेतून बाहेर येते. दाब सोडला की फाकते आणि खाचेत घट्ट बसते. शाफ्टच्या बाहेरून बसणारी असेल तर उलट, ती फाकवून काढायची. दोन्हीचे चिमटे वेगळे. भाच्याने आयटीआयत हे सगळं वाचलेलं. आयएस ३०७५ असा तिचा भारतीय मानकाचा नंबरसुद्धा त्याला तोंडपाठ होता.

‘‘नंबर पाठ आहे, रिंग निघत नाही,’’ दादा म्हणाला. आवाजात चीड होती.

अकरा वाजल्यापासून तेच चाललं होतं. मामा दुसऱ्या गाडीखाली असताना भाच्याने घाईघाईत चिमटा लावला, टोकं पूर्ण बसली नव्हती, जोर केला आणि रिंगेचा एक कान मोडला. मग त्याने छिन्नी-हातोडा घेतला. ठोकून ठोकून रिंगेवर चरे पडले, खाचेची कड थोडी बसली, रिंग जागची हलली नाही. मी पोचले तेव्हा तो गॅसची टाकी आणायला निघाला होता.

‘‘तडी, तडी,’’ मामा गाडीखालून सरकत बाहेर आले. ‘‘बडीबेड. गॅस बेड.’’

गॅस का नको तेही त्यांनी सांगितलं. एरवी अगदीच निरुपाय झाला तर ते स्वतःही आंच देतात, रिंग तर फेकायचीच असते. पण आत ग्रीस भरलेलं, शेजारून ब्रेकची रबरी नळी गेलेली. शिवाय तापवलेलं लोखंड फुगतं तसं ते सगळीकडूनच फुगतं, नुसतं आपल्याला हवं तिथेच नाही. त्यांनी ताराचा ब्रश घेतला आणि खाचेतली माती, गंज, सुकलेलं ग्रीस असं सगळं दहा मिनिटं खरवडत बसले. पावसाळाभर कणकुंबीच्या चिखलातून आणि गोव्याच्या खाऱ्या हवेतून फिरलेली गाडी ती. निघणारा गंज सुपारीच्या चुऱ्यासारखा पडत होता. मग डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी त्यावर ठेवून दिली. भाच्याने दुकानातून गंज सोडवायचा स्प्रे आणला होता, तोही मारला. ‘‘अदू छलो ऐती,’’ मामा म्हणाले, तेही चांगलंच आहे, ‘‘पण त्याला टाइम द्यावा लागतो. फवारला की लगेच हातोडा घेतला तर काय उपयोग?’’

आणि चहा सांगितला.

पाच वाजत आले होते. दादाचा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. चवथीच्या आधीचा माल, भाव चढलेला. यार्डातला व्यापारी विचारत होता गाडी कधी लागते. कोथिंबीर थांबत नाही, टोमॅटो थांबत नाहीत. आणि महिनाअखेरचा गाडीचा हप्ता तर त्याहून थांबत नाही. दादा शेडपुढे येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो मामांसमोर उभा राहिला.

‘‘मामा, एक काम करा. ते तसंच राहू द्या. ग्रीस भरा आणि चाक चढवा. आजच्या दिवस चालतंय. चवथ झाली की सावकाश करू.’’

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘सावकार, चाक मी चढवत नाही बघा. न्यायचं तर तुम्हीच चढवा आणि न्या. नमगं कूली बेड.’’

म्हणजे सकाळपासूनची मजुरीही सोडली. मग पुन्हा बशी उचलून चहा प्यायला लागले. कुणी काही बोललं नाही. कमानीच्या भट्टीवर घण पडत होते तेवढाच आवाज. दादाला चाक चढवता येत नाही असं नाही, तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस तो. तो दोन पावलं चाकाकडे गेलाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांड्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या सीटवर बसले होते, रात्री त्याच गाडीत बसायची होते. काय त्याच्या मनात आलं ते त्याने तेव्हा सांगितलं नाही. फोन काढला आणि व्यापाऱ्याला म्हणाला, ‘‘माझी गाडी आज नाही. दुसरी लावा.’’

सणाच्या आधीचं भाडं गेलं. दादाचा चेहरा पाहवत नव्हता, म्हणून मी उठले. बाईमाणसाने आठ-दहा तास काढावेत अशी ती वस्ती नाही. साध्या नैसर्गिक विधीची सोय नाही. रेडिएटरवाल्याचं घर मागेच होतं, त्याच्या बायकोने मला आत नेलं, पाणी दिलं, वर गरम ज्वारीची भाकरी नि शेंगाचटणी वाढली. ‘‘दिवसा हं ऐती,’’ ती हसून म्हणाली. रोजचंच आहे.

परत आले तर उजेड कमी झाला होता आणि मामा बॅटरी धरून त्या झाकणाकडे नुसते पाहत बसले होते. बराच वेळ पाहिलं. मग भाच्याला विचारलं, ‘‘सकाळी ग्रीस मारलास काय?’’

‘‘होय मामा. आवाज येत होता म्हणून भरपूर मारलं.’’

‘‘दोन्हीकडे?’’

‘‘नाही, आवाज इकडेच होता.’’

मामांनी पान्हा घेतला आणि ग्रीस भरायचं निपल सोडवून काढून टाकलं. भोकातून काळं-पिवळं ग्रीस अळीसारखं बाहेर आलं. येतच राहिलं. मग पितळेची एक कांडी झाकणाच्या मध्यावर ठेवून त्यांनी हातोडीने हलकेच टकटक केली, दारावर पाहुण्याने करावी तशी. तसं भोकातून आणखी ग्रीस आलं आणि झाकण केसभर खाली गेलं. केसभरच, पण मला दिसलं.

‘‘मोदलु भार तगी,’’ ते भाच्याला म्हणाले. आधी भार काढ. भार हा शब्द दोन्हीकडे एकच, त्यामुळे सांगायला सोपं. सकाळी पंपाने मारलेलं ग्रीस पिनेच्या डोक्यावर साठलं होतं. ते झाकणाला खालून वर रेटत होतं, आणि झाकण रिंगेला खाचेच्या वरच्या कडेवर दाबून धरत होतं. गंज होताच, पण नुसत्या गंजाने ती अडली नव्हती. वर ठोकून तर पोरगा तिला आणखी घट्ट करत होता.

मला एकदम आमच्या गल्लीत येणाऱ्या कासाराची आठवण झाली. बांगडी चढेना झाली की आपण हात ताठ करतो, आणि तो म्हणतो, हात सैल सोडा अक्का, मग बघा.

आता रिंग मोकळी झाली असेल की नाही, हे कसं कळायचं? मामांनी बारीक पेचकसाचं टोक राहिलेल्या कानाला लावून तिला आडवी ढकलली. गोल फिरवायची, वर उचकायची नाही. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा ‘कर्र’ असा आवाज आला. तिसऱ्यांदा रिंग खाचेतल्या खाचेत सुपारीभर सरकली. खाचेत फिरायला लागलेली रिंग निम्मी निघालीच म्हणायची. ती पुढे-मागे फिरवत राहिले, मध्ये मध्ये डिझेलचे थेंब.

एक कान मोडलेला, म्हणजे चिमटा निरुपयोगी. त्यांनी पेटीतून एक सळई काढली. जुन्या पेचकसाचं टोक घासून, उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून कडक करून घेतलेली, पुढे नखासारखा बाक. उद्यमबाग म्हणजे आमच्या बेळगावची फाउंड्री नि मशीनशॉपची वस्ती. तिथे काय करून मिळत नाही! मोडक्या कानाचं टोक त्यांनी मुद्दाम निपलच्या बाजूला, जिथे सळई घालायला जागा होती तिथे फिरवून आणलं होतं. त्या टोकाखाली नख घातलं. मग थांबले आणि खिशातला रुमाल काढून रिंगेवर पसरला.

‘‘हे कशाला मामा?’’ भाच्याने विचारलं.

मामांनी चष्मा कपाळावर नेऊन भुवईतला व्रण दाखवला. ‘‘पंधरा वर्षांचा होतो. अर्धा इंच खाली बसली असती तर आज तुझी रिंग दिसली नसती.’’ ते चौदाव्या वर्षी हुबळीला एका गॅरेजात लागले. तेव्हा रस्त्यावर टेल्कोच्या तोंडावर तारा असलेल्या गाड्या खूप होत्या. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, पंधरा वर्षांनी करार संपला. पण त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं चालत राहिल्या. त्यांच्या उस्तादाकडे या लॉकला जर्मन धाटणीने ‘सीगर’ म्हणत. दाबलेली स्प्रिंग सुटली की कुठे जाईल सांगता येत नाही. तोंड तिच्यावर आणायचं नाही, आणि काढताना वर कापड टाकायचं. हे सांगताना त्यांनी भाच्याचं डोकं हाताने बाजूला सारलं.

रुमालाखाली टिक् असा आवाज झाला. ‘‘बंतु नोडु!’’ मामा म्हणाले.

रुमालाच्या घडीत ती पडली होती. एवढीशी. वाकलेली, एक कान गेलेली, अंगभर छिन्नीचे चरे. नवी घ्यायला गेलं तर दुकानदार सुटे पैसे नसले तर ‘राहू दे’ म्हणेल अशी वस्तू. साडेसात वाजले होते.

मग मामांनी उजवं चाक काढलं. पिना दोन्हीकडच्या एकदमच बदलायच्या असतात. तिथली रिंग साफसफाई धरून दहा मिनिटांत निघाली, चिमट्यानेच, दोन्ही कान शाबूत. त्या बाजूला ग्रीसचा रेटा नव्हता.

यानंतरचं काम मी तपशीलात सांगत नाही, कारण मला तितकं समजलंही नाही. पिना ठोकून खाली काढल्या. डाव्या पिनेला झिजून नुसता कंबरेचा आकार आला होता. बुश दाबून काढले, नवे बसवले, ते लेथवर नेऊन नव्या पिनेच्या मापाने रीमर फिरवून घेतले. लेथवाला जेवायला गेलेला, त्याची वाट पाहिली. डाव्या खाचेची जी कड छिन्नीने दबली होती ती मामांनी बारीक कानशीने साफ केली. ‘‘ही खाच बिघडली तर नवी रिंग काय धरणार?’’ एवढंच म्हणाले, पोराकडे न बघता.

नवी रिंग बसवायच्या आधी त्यांनी ती माझ्या हातात दिली. ‘‘बोट फिरवून बघा अक्का. दोन्ही बाजू सारख्या आहेत काय?’’ नव्हत्या. एका बाजूची कड गोल, दुसरीची धारदार. पत्र्यातून ठोकून कापताना तशी होते. धारेची बाजू झाकणाकडे नाही, बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे रेटा आला की ती कड खाचेला धरून बसते. उलटी घातली तर गोल कडेवरून चढून निसटू शकते. बसवल्यावर त्यांनी ती पुन्हा खाचेत फिरवून पाहिली. गोल फिरली, म्हणजे सगळीकडून बसली.

माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. चाकाच्या बाहेर, आसाच्या टोकात एक खीळ असायची. शेजारचे कानडी तिला कडाणी म्हणत. रात्री गाडी सोडताना आजोबा दोन्हीकडच्या खिळा चाचपून मगच घरात यायचे. ते मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अदे इदू. तीच ही.’’

रात्री साडेबाराला काम थांबलं, थोडं सकाळवर राहिलं. मला घरी सोडायला रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही तिघं केबिनमध्येच बसलो. मी भाकरी बांधून आणली होती रेडिएटरवालीकडून, ती खाल्ली. पाऊस टपावर वाजत होता. दादा एकदम म्हणाला, ‘‘तीन आठवडे झाले, मला माहीत होतं.’’

‘‘काय?’’

‘‘चाक खेळतंय ते. रोज म्हणायचो, ही खेप झाली की करू. भाडं सुटत नव्हतं. चोर्ल्याच्या वळणावर स्टिअरिंग हातात धडधडायचं. मी गाणी मोठी लावायचो.’’

मी काही बोलू शकले नाही. त्या तीन आठवड्यांत त्याच्या शेजारी या सीटवर रोज कोण बसत होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पोरगा खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘मला वाटलं, ग्रीस कमी पडतंय म्हणून आवाज येतोय. मला सांगायचं की बाबा.’’

‘‘सांगितलं असतं तर तू गाडी लावू दिली नसतीस.’’

‘‘नसतीच लावू दिली.’’

दादा मान हलवून गप्प बसला. मग डोक्याखाली टॉवेल घेऊन आडवा झाला. झोपला नाही, मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकं चढली, दोन्हीकडे बेताचं ग्रीस भरलं, टायरांचं अलाइनमेंट करून आणलं. मामांनी मजुरी सांगितली ती आदल्या दिवशीच्या चिडीचा एक पैसाही न लावता. दादाने दिली आणि वाकून नमस्कार केला. एवढा मोठा माणूस, मी त्याला कुणापुढे वाकताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. भाच्याने ती मोडकी रिंग खिशात टाकलेली मी पाहिली. मामांकडून त्याने त्या नखाच्या सळईचं मापही कागदावर काढून घेतलं.

रात्री यार्डात कोबी-टोमॅटोचा दुसऱ्या एकाचा माल मिळाला. आदल्या दिवसाइतका भाव नव्हता. अकरा वाजता निघालो. भाचा चालवत होता, दादा मागच्या बाकावर. जांबोटीच्या पुढे जंगल सुरू झालं, धुकं उतरलं. स्टिअरिंगकडे मी राहून राहून पाहत होते. ते शांत होतं. गाणी लावलेली नव्हती.

कणकुंबीला गाडी थांबली. मलप्रभा जिथे उगम पावते ते हे गाव, माउलीचं देऊळ आहे. एका टपरीत कंदील होता, चहा मिळाला. पाऊस इतका बारीक की तो पडतोय की धुकंच ओलं आहे ते कळेना. मी पदर डोक्यावर घेऊन खाली उतरले तर भाचा आधीच उतरून डाव्या चाकाशी वाकला होता. त्याने हबवर तळहात टेकला, क्षणभर ठेवला. मग फिरून उजव्या बाजूला गेला, तिथेही ठेवला. बेअरिंग जास्त आवळलं गेलं असेल तर पहिल्या वीसतीस मैलांत हब तापतो, असं मामांनी निघताना सांगितलं होतं. आणि हे बघायचं ते घाट उतरायच्या आधीच, नाहीतर नंतर ब्रेकनेच सगळं तापतं, काही कळत नाही.

‘‘काय रे?’’ दादाने वरून विचारलं.

‘‘कोमट. दोन्हीकडे सारखं.’’

दादा केबिनमधून उतरला. काही न बोलता त्यानेही डाव्या हबवर हात ठेवून पाहिला, मग उजव्या. चहाचे पैसे दिले. मला हाताला धरून वर चढवलं, मांड्यांचा डबा माझ्या मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाला, ‘‘आता वळणं आहेत, घट्ट धर.’’ भाच्याने गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली आणि आम्ही चोर्ल्याकडे निघालो.